नाकातली साधी गाठ

लाखोळीच्या डाळीच्या वड्या घालत होते तेव्हा पहिल्यांदा रक्त पडलं. अंगणात खाटेवर जुनं पांढरं धोतर अंथरलं होतं, आणि मी वाकून एकेक वडी घालत होते. धोतरावर लाल थेंब पडला. मला वाटलं, तिखटाचा हात लागला. मग दुसरा थेंब पडला, आणि मग धारच लागली. शेजारची काकू मदतीला आली होती. ती लगबगीनं उठली, माझ्या टाळूवर पाणी ओतलं, कांदा फोडून नाकाशी धरला.

"घोळणा फुटला मास्तरीनबाई," ती म्हणाली. "ऊन किती तपून राहिलं. जाऊ द्या, होते असं."

मलाही तेच वाटलं. उन्हाळ्यात आमच्याकडे कोणाचा ना कोणाचा घोळणा फुटतोच. शाळेत असताना मी कितीतरी पोरांच्या डोक्यावर असं पाणी ओतलेलं आहे. फक्त एक गोष्ट मी काकूला सांगितली नाही. माझी उजवी नाकपुडी वर्षभरापासून बंद होती. डावीतून श्वास चाले, उजवीतून नाही. सर्दी असती तर आज ही नाकपुडी, उद्या ती, असं झालं असतं. हे तसं नव्हतं. आणि रक्तही उजवीकडूनच आलं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्याखालच्या एका गावात एकटी राहते. थोडी धानाची बांधी आहे, ती वाट्यानं दिली आहे. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. हक्काचं म्हणावं असं माणूस एकच, माझा धाकटा भाऊ. त्याला आम्ही बाबूच म्हणतो. गोंदियात त्याचं बारदान्याचं दुकान आहे. राइस मिलवाल्यांना पोती पुरवतो, दिवसभर हिंदी बोलतो आणि घरी आला की अर्धं हिंदी, अर्धं आपलं.

आधी आम्ही तिघं होतो. सगळ्यात मोठी बहीण देवरीला दिलेली होती. तिला आम्ही दोघंही मोठी बाई म्हणायचो. तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा नागपूरच्या दवाखान्याची सगळी धावपळ बाबूनं केली. मला त्यानं फोनवर सांगितलं, "साधी गाठ आहे. काढली का झालं." मी विचारलं, "खरं?" तो म्हणाला, "तुही शपथ, बाई." मी निर्धास्त झाले. वर्गाच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. परीक्षा झाल्या की उन्हाळाभर देवरीला जाऊन मोठ्या बाईजवळ राहू, असं मी ठरवलं होतं. तिच्यासाठी दोन मऊ लुगडीसुद्धा घेऊन ठेवली होती. परीक्षांच्या आधीच ती गेली.

तेरवीच्या दिवशी तांदूळ निवडता निवडता भावजय मला म्हणाली, "कॅन्सरच होता न बाई. पयल्याच दिवशी डॉक्टरनं सांगतलं होतं. पन तुमाले सांगायचं नाई, असा ह्यायचा हुकूम होता."

त्यानंतर मी बाबूशी बोलले नाही. किती काळ, ते आता सांगत नाही. राखी आली आणि गेली एवढं आठवतं. पुढे बोलायला लागले, कारण दुसरं कोण होतं? पण तेव्हापासून त्याचं प्रत्येक वाक्य मी आतून-बाहेरून तपासते. गाडी वेळेवर आहे असं तो म्हणाला तरी मी स्टेशनवर जाऊन पुन्हा विचारते.

वड्यांनंतर रक्त पुन्हा आलं. आंघोळीला वाकले तेव्हा, बादली उचलली तेव्हा. शेवटी मी बाबूला फोन केला. गोंदियातल्या एका नाकाच्या डॉक्टरकडे तो मला घेऊन गेला. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "नाकात मांस वाढलंय. पुष्कळांना होतं." फवारा लिहून दिला. मी तो मन लावून मारला. फरक पडला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी चिमट्यानं ते मांस जरा ओढून पाहिलं.

तो क्षण मी विसरणार नाही. रक्त असं उसळलं की माझ्या घशातून तोंडात आलं, पदर भिजला, डॉक्टरांच्या शर्टावर उडालं. त्यांनी नाकात कापडाची लांब पट्टी कोंबकोंब कोंबली. मी खुर्चीचे हात धरून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मघापर्यंत कंटाळलेला तो चेहरा एकदम सावध झाला होता. रक्त थांबल्यावर त्यांनी बाबूला खूण केली. दोघं बाहेर गेले, आणि बाबूनं जाताना दार ओढून घेतलं.

दार काऊन ओढलं? मला उठता येत नव्हतं. काचेतून दोघांची फक्त डोकी दिसत होती. बाबू मान डोलावत होता. आत आला तेव्हा हसत होता.

"चल बाई. नागपूरले दाखवून येऊ. बडे डॉक्टर को दिखाना अच्छा."

"ते काय मनाले?"

"काही नाई. इथं मशीन नाई मनाले."

"एवढ्यासाठी बाहेर नेलं?"

"तुले बोलता येऊन नव्हतं राहिलं न. उगीच त्रास कायले द्याचा?"

उत्तर बरोबर होतं. त्याची उत्तरं नेहमीच बरोबर असतात.

नागपूरला आमची गाठ एका डॉक्टरीणबाईंशी पडली. वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. त्यांनी नाकात हात घातला नाही, पट्टीही जपून काढली आणि बारीक दुर्बिणीनं लांबूनच पाहिलं. नंतर हाताच्या शिरेतून रंग सोडून डोक्याचे फोटो काढायला लावले. तो रंग अंगात शिरला तेव्हा सगळं शरीर गरम झालं. फोटो पाहून त्या म्हणाल्या की ही नेहमीची मांसवाढ नाही, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ आहे. तुकडा काढून तपासायचा तर पुन्हा तसंच रक्त येईल. म्हणून गाठ पूर्णच काढायची आणि मग तपासायची.

"म्हणजे काय आहे ते काढल्यावर कळणार?" मी विचारलं.

"नक्की तेव्हाच कळेल," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बाबूनं माझा हात धरला आणि म्हणाला, "घाबरू नको बाई. साधी गाठ आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टरीण म्हणते काढल्यावर कळेल, आणि याला आत्ताच कळलं? आणि शब्दही तेच. मोठ्या बाईच्या वेळचेच. तिथं दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या मनानं ठरवून टाकलं की मला कॅन्सर आहे आणि तो ह्या सगळ्यांना माहीत आहे.

एकदा असं ठरल्यावर पुरावे सापडायला वेळ लागला नाही. भावजय संत्र्याची साल काढून, एकेक फोड सोलून माझ्या हातात द्यायला लागली. आधी कधी दिली नव्हती. बाबूचा फोन वाजला की तो उठून अंगणात जायचा. दुकानातले लोक मला बघून आवाज खाली करायचे. मी म्हटलं, यंदा धानाच्या रोवणीला मी गावात असलं पाहिजे. बाबू लगेच म्हणाला, "हो हो, का बरं नाई?" मोठी बाईही अशीच पुढच्या हंगामाच्या गोष्टी करायची आणि सगळे तिला असंच हो हो म्हणायचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला सांगण्यात आलं की आधी मांडीजवळ जांघेतून एक बारीक नळी आत घालतील. हे ऐकून मात्र मी सरळ उठून बसले. दुखणं नाकात आणि नळी मांडीत! मोठ्या बाईचंही असंच झालं होतं. एक सांगायचे, दुसरंच करायचे. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं, "मला आणखी कुठं काही आहे का? पोटात? तुम्ही खालून कशाला जाताय?"

त्या खाटेवर बसल्या. माझ्या मांडीपासून कपाळापर्यंत बोटानं हवेत रेघ ओढून त्यांनी समजावलं. रक्ताचे रस्ते सगळे एकमेकांना जोडलेले असतात. मांडीतली नस मोठी, तिथून शिरून वर नाकाशी येता येतं. गाठीला रक्त पुरवणारी वाट तिथं आतून बुजवली की दुसऱ्या दिवशी गाठ काढताना रक्त कमी येतं. "कालव्याचं दार बंद केल्यावरच बांधी दुरुस्त करता येते ना?" त्या म्हणाल्या. मी कालव्याखालच्या गावातली आहे हे त्यांना कोणी सांगितलं असेल? बाबूनंच. म्हणजे तो त्यांच्याशी माझ्याबद्दल बोलतो. मी नसताना आणखी काय काय बोलतो?

तरी समजावलं ते मला पटलं, हे खरं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नाक गच्च भरलेलं, तोंड कोरडं, जीभ लाकडासारखी. बाबू समोर उभा होता. त्याचे डोळे लाल होते. "झालं बाई. हो गया. निघाली पुरी." मी खुणेनं विचारलं, काय होतं? त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "साधी गाठ." तपासणीला तर ती आत्ताच गेली असणार. मी डोळे मिटून घेतले. भांडायला तोंडात पाणीही नव्हतं.

सुट्टी झाल्यावर मला गोंदियात बाबूच्या घरीच ठेवलं. तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल म्हणाले. आठवडा गेला. मी विचारलं तर, "येऊन राहिला." पुन्हा विचारलं तर, "त्यायचं मशीन बंद आहे." आणखी दिवस गेले. मला नाक शिंकरायची मनाई होती, वाकायची मनाई होती, नाकात मिठाचं पाणी मारायचं आणि बसून राहायचं. बसून राहिलेल्या माणसाला घरातलं सगळं ऐकू येतं. स्वयंपाकघरात दोघं बोलत असले आणि मी पाण्याला गेले की भावजय एकदम भाजीचं काहीतरी विचारायची.

एक दिवस बाबू दुकानात गेला होता. भावजय आणि मी ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत होतो. मी मान वर न करता म्हटलं, "कायले लपवून राहिले तुमी? मले सारं समजलं. डॉक्टरीनीचा फोन आला होता."

असा कुठलाही फोन आला नव्हता.

तिचे हात थांबले. "काय मनाली?"

"सगळंच मनाली."

"मुंबईचं बी?"

मुंबईचं मला काहीच माहीत नव्हतं. मी शेंग मोडली आणि म्हटलं, "मुंबईचं बी."

"बरं झालं माय," ती म्हणाली आणि तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला तिची दयाच आली. "मले तर पोटात ठेवनं होऊन नव्हतं राहिलं. नागपूरच्या तपासनीवाल्याले शंका आली होती न, मनून तर मुंबईले पाठवलं. पन ते मनाले, तसा कॅन्सर नाई. वापस येऊ शकते, मनून पाहात राहा मनाले. ह्यायनं मले तंबी देल्ली होती, बाईजवळ तोंड उघडशील तर पाह्य."

मी हो हो करत राहिले. शेंगा संपल्या. मग मी आत जाऊन पलंगावर बसले.

तसा कॅन्सर नाही. तसा म्हणजे कसा? मग असा आहे का? आयुष्यभर मी पोरांना व्याकरण शिकवलं, आणि त्या दुपारी 'तसा' या एका शब्दावर मी अडकून बसले. निकाल यायच्या आधीच, डॉक्टरांचा अंदाज आहे म्हणून, बाबूनं मला गाठीचं लांबलचक इंग्रजी नाव मोबाइलवर शोधून दाखवलं होतं. तिथं लिहिलं होतं की अशी गाठ क्वचित होते, हळू वाढते. मी तेव्हाही वाचलं आणि मनात म्हटलं, नाव यानंच टाइप केलंय. चांगलं निघेल असं एखादं नाव शोधून टाकलं असेल. क्वचित होते, हेही मला संशयास्पद वाटत होतं. आमच्या गावात, आमच्या तालुक्यात, नाकाच्या रक्तवाहिन्यांची अशी गाठ कोणालाही झालेली नाही. मग नेमकी मलाच कशी झाली? खरं नाव सांगायचं नसलं की माणसं असंच अवघड नाव सांगतात.

दुसऱ्या दिवशी बाबू म्हणाला, "चल, नागऱ्याले जाऊन येऊ. देवाचं दर्शन होईन, तेवढंच मन मोकळं." हेही त्यानं मोठ्या बाईसाठी केलं होतं. मी स्कूटरवर मागे बसले. दर्शन झालं. बाहेर ओट्यावर सावलीत बसलो. त्यानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"बाबू, मले काय झालं होतं?"

"साधी गाठ. किती खेपा सांगू?"

"मंग मुंबईले कायले पाठवलं?"

तो माझ्याकडे वळला. "तिनं सांगतलं?"

"तिच्यावर रागावू नको. मी फसवून काढलं."

"अरे बाई, असतेच ते. डबल चेक करतात. टेन्शन लेने का नहीं. कॅन्सर नाई. तुही शपथ."

"माही शपथ तू मोठ्या बाईच्या वेळी बी घेतली होती."

तो उठला. दोन पावलं गेला, चष्मा काढून शर्टाला पुसला, परत येऊन बसला. मला वाटलं आता ओरडेल. तो हळू आवाजात बोलला.

"ते मी नाई लपवलं. तिनंच सांगतलं होतं."

"कोनं?"

"मोठ्या बाईनं. तिले पयल्या दिवसापासून सारं माहीत होतं. मले मनाली, लहानीले सांगजो नको. ते रडन, आन तिचं रडनं मले पाहावनार नाई. तिची शाळा आहे, पोट्टे आहेत, तिले तिच्या कामात राहू दे."

देवळात घंटा वाजत होती. मी म्हटलं, "मंग हे तेव्हा काऊन नाई सांगतलं? तेरवीले? त्याच्या मागून?"

"तू बोलत कुठं होती माह्यासंगं?"

"आन यावेळी? मी सांगतलं होतं का तुले, माह्यापासून लपव मनून?"

"नाई."

"मंग?"

त्यानं खोबरं कुरतडलं. "भेव लागलं," तो म्हणाला. "मुंबईचं येईस्तोवर मले झोप नव्हती. आता तू एकलीच राहिली न मले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगते, त्याच क्षणी मनात दुसरंही आलं. हा रडवून विषय बदलतो आहे का? मोठी बाई असं म्हणाली होती हे खरं की आत्ता ओट्यावर सुचलं? तिला विचारायला ती कुठं होती?

दोन दिवसांनी मी नागपूरची गाडी पकडली. एकटी. भावजयीला सांगितलं की जुन्या शाळेतल्या बाईंकडे जाऊन येते. डब्यात खिडकीशी बसले, पदर नाकावर धरला आणि मनात प्रश्न पाठ करत गेले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"सोबत कोणी नाही?"

"मुद्दाम नाही आणलं. मला खरं सांगा. मला कॅन्सर आहे का?"

त्यांनी नर्सला बाहेर थांबायला सांगितलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली. गाठीचं पूर्ण नाव त्यांनी सावकाश उच्चारलं, ग्लोमॅन्जिओपेरिसायटोमा. मी दोनदा म्हणायला लावलं. मोबाइलवर बाबूनं दाखवलं होतं तेच होतं. रक्ताच्या बारीक नळ्यांना बाहेरून बिलगून काही पेशी असतात, त्या वाढून ही गाठ होते. नाकात ती इतकी कमी दिसते की त्यांनी स्वतः पहिल्यांदाच काढली होती. पहिल्या तपासणीत ती जरा वेगळी वाटली, म्हणून मुंबईला एका अनुभवी माणसाकडे पाठवली. त्यांनी नक्की केलं.

"लोक ज्याला कॅन्सर म्हणतात तसं ही गाठ सहसा वागत नाही," त्या म्हणाल्या. "दूर पसरणं फार क्वचित. पण अगदीच निरुपद्रवी असंही मी म्हणणार नाही. काढलेल्या जागी पुन्हा उगवू शकते. कधी लवकर, कधी कितीतरी वर्षांनी. म्हणून तुम्हाला माझ्याकडे येत राहावं लागेल."

"हे बाबूला सांगितलं होतं?"

"हो. ते म्हणाले ताईंना सांगू नका. मी म्हटलं, पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा मी सांगणार आहे. तुम्हीच आधी आलात."

त्यांचं बोलणं सरळ होतं. तरी माझं मन भरेना. मी म्हटलं, "गाठ पूर्ण निघाली हे मी कसं मानू?"

त्यांनी कॉम्प्युटरवर ऑपरेशनचं चित्रण लावलं. गुलाबी-लाल, ओलं, काय ते कळत नव्हतं. मी विचारलं, "हे माझंच नाक आहे कशावरून?"

दुसरा कोणी डॉक्टर चिडला असता. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. त्यांनी माझ्या नाकात औषधाचा बोळा ठेवला, थोडं बधिर झाल्यावर दुर्बीण आत घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. मला एक ओली गुहा दिसली. कडेला पांढुरकं, भरत आलेलं काहीतरी. मी 'हं' म्हटलं. चित्र थरथरलं. मी श्वास रोखून धरला. पडद्यावरची हालचाल थांबली. मी गिळलं, तेव्हा आत खोल काहीतरी उचललं गेलं आणि खाली बसलं. पुन्हा गिळून पाहिलं. पुन्हा तसंच.

"ती पांढरी जागा दिसते? तिथं गाठ चिकटलेली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता तिथं काही नाही."

ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाबूनं सांगितलेलं नाही, मोबाइलवर वाचलेलं नाही. परतीच्या गाडीत मी पुन्हा पुन्हा गिळून बघत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे.

बाबू स्टेशनवर उभा होता. शाळेतल्या बाईंना त्यानं फोन केला होता आणि त्यांच्याकडे मी गेलेच नव्हते हे त्याला समजलं होतं. तो रागानं लाल झाला होता. "रस्त्यात रक्त सुरू झालं असतं तं?" एवढंच बोलला, आणि घरापर्यंत स्कूटरवर एक शब्द नाही. त्या आठवड्यात तो माझ्याशी धड बोलला नाही. मी गावी परत आले तेव्हाही बसमध्ये बसवून दिलं आणि बस सुटायच्या आत निघून गेला. माझंही तोंड कुठं होतं बोलायला.

रोवणी आटोपल्यावर मी देवरीला गेले. मोठ्या बाईचे यजमान, आमचे भाटवे, आता फार थकले आहेत. हायवेच्या बसस्टँडपासून त्यांचं घर जवळच आहे. परसात बसून ते टेंभुर्णीच्या काड्या मोडत होते. मी चहा घेतला आणि विचारलं, "भाऊजी, बाईले माहीत होतं का, तिले काय झालं होतं ते?"

"नाई," ते म्हणाले. "तिले काहीच माहीत नव्हतं. आमी कळूच नाई देल्लं."

"बाबू तं मनते, तिले पयल्यापासून माहीत होतं."

त्यांनी काड्या बाजूला ठेवल्या. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही खोटं बोलत आहे. "बाबू मनते?" ते म्हणाले. "मी तिच्या उशाशी बसून राहत होतो. मले नाई माहीत आन बाबूले माहीत?"

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतो. बसमध्ये येताना मी याचाच विचार करत होते. मग वाटलं, असंही असेल की दोघंही खरं बोलतात. मोठी बाईच नवऱ्याजवळ एक बोलली आणि भावाजवळ दुसरं. तिला ते जमलं असतं. लहानपणी माझ्या वाटणीची बोरं खाऊन ती मलाच झाडाखाली शोधायला लावायची. बाबूला मी देवरीचं काही सांगितलं नाही. त्या गोष्टीचा निकाल आता लागणार नाही, आणि तो लावायचा माझा हट्टही हळूहळू कमी झाला.

गाठ काढल्याला आता काही वर्षं झाली. नाक दोन्हीकडून चालतं. मधे एकदा रक्ताची रेघ रुमालावर दिसली तेव्हा मी लगेच बाबूला फोन केला. तपासलं तर थंडीनं आतली साल सुटली होती, दुसरं काही नव्हतं. वाकताना मी अजून जरा थांबते, खाली काही पडतं का बघते. वड्या आता उभ्यानं, उंच टेबलावर घालते. काकू त्यावरून मला हसते.

बाबूचा आणि माझा अबोला त्याच वर्षीच्या दिवाळीला सुटला होता. तो भावजयीला घेऊन गावी आला, धानाची गंजी पाहिली, जेवला आणि जाताना म्हणाला, "पुढच्या खेपेले नागपूरले मी येईन."

"ये," मी म्हटलं. "पन बाहेर उभं राहून बोलायचं नाई. डॉक्टरीनबाई जे सांगतीन ते दोघाले संगंच सांगतीन. नाई तं मी एकली जाईन."

"हो न बाबा," तो म्हणाला.

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. तो आत येतो, भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसतो. दुर्बीण आत गेली की डॉक्टरीणबाई पडदा आमच्या दोघांकडे वळवतात आणि बोटानं जागा दाखवतात. मला मान हलवायची नसते, पण डोळे फिरवता येतात. मी आधी बाबूचा चेहरा बघते. त्याला ते माहीत आहे. दर वेळी तो वैतागून म्हणतो, "बाई, तिकडं पाह्य न, मशीनकडं." मग मी मशीनकडे बघते.